‘उघडा’ शब्दाचे कार्ड

फाल्गुन उतरणीला लागला की सांगलीच्या दुपारींना एक कोरडा, पिवळसर वास येतो. नवी हळद बाजारात येण्याचे ते दिवस. पेठ मी राहत होते त्या विश्रामबागेपासून तशी दूर, तरी वाऱ्यावर बसून तो वास तिथवर पोचतो, खिडकीच्या गजांवर आणि पुस्तकांच्या कडांवर बसतो, आणि मी ज्या जाड पांढऱ्या कार्डांवर त्या काळी शब्द लिहीत असे, त्या कार्डांनाही लागून राहतो. आजही कुठे हळकुंडे कुटण्याचा आवाज आला की मला ती वरच्या मजल्यावरची खोली आठवते, तिच्या पाठोपाठ एक शब्द आठवतो, आणि तो शब्द आठवला की माझे डोके तापते. इतक्या साध्या, चार वर्षांच्या पोरालाही येणाऱ्या शब्दाने एखाद्या बाईचा इतका छळ करावा, हे काही बरे नव्हे.

शब्द होता ‘उघडा’. नव्वदच्या दशकाची मधली वर्षे होती ती. एम. ए. होऊन मी नुकतीच एका बोलीकोशाच्या कामाला लागले होते. सातारा-सांगली भागात लोक प्रत्यक्ष काय बोलतात ते गावोगाव फिरून टिपायचे, प्रत्येक शब्दाला एक कार्ड करायचे आणि ती कार्डे अक्षरवार खोक्यांत लावायची, असे ते काम. आमचे प्रमुख होते त्यांना सगळे नुसते ‘सर’ म्हणत. विद्वान माणूस, मनाने चांगला, पण कार्ड परत पाठवण्यात त्यांना जो आनंद मिळे तो दुसऱ्या कशात मिळत नसावा. माझ्या वाट्याला ‘उ’चे खोके आले. उकड, उखळ, उगवत अशी भराभर कार्डे होत गेली आणि मग ‘उघडा’पाशी माझी गाडी जी रुतली ती रुतलीच.

पहिल्यांदा मी सरळ लिहिले : झाकलेला नसलेला. सरांनी लाल शाईने विचारले, एवढेच? मग मी आठवतील तितके वापर गोळा केले. दार उघडे असते, डोके उघडे असते, अंगण उघडे असते. ज्याला घर नाही तो उघड्यावर झोपतो. ज्याचे बिंग बाहेर पडते तो उघडा पडतो. कर्ता पुरुष गेला की बाया म्हणतात, घर उघडे पडले. पाऊस थांबला की आभाळ उघडते. आणि मनात काही न ठेवता जो बोलतो तो उघड बोलतो. हे सगळे एका कार्डावर दाटीवाटीने मांडून मी दिले, तर सरांचा शेरा आला की असुरक्षित असणे वेगळे आणि प्रांजळ असणे वेगळे, ह्या दोन गोष्टींची दोन कार्डे करा. मला ते पटेना. का पटत नाही हेही नीट सांगता येईना, आणि त्यामुळे वैताग अधिकच वाढला. ते कार्ड चार वेळा माझ्या टेबलावर परत आले. दुपारच्या त्या हळदीच्या वासात मी त्याच्याकडे बघत बसे आणि ते माझ्याकडे.

प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला रकाने छापलेले होते. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, शिक्षण आणि शेवटी जात. भाषा जातीजातीने बदलते, तेव्हा तो रकाना शास्त्रीय दृष्ट्या आवश्यक आहे, असे सर म्हणत आणि त्यात खोटे काही नव्हते. मी गावोगाव तो रकाना भरत असे. ओळख होऊन पाच मिनिटे झालेली नसत आणि मी पेन सरसावून विचारी, जात कोणती लिहू? लोक सांगत. आपण ज्या प्रश्नाला स्वतः तोंड देऊ शकत नाही, तो दुसऱ्याला विचारण्याचा पगार मला मिळत होता, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

कारण तो प्रश्न मला त्या शहरात कुणी कधी सरळ विचारला नाही. विचारला असता तर फार बरे झाले असते. आम्ही बौद्ध. छप्पन सालानंतर आमच्या आजोबांनी धर्म बदलला, गावातली नेमून दिलेली कामे सोडली, आणि दादा, म्हणजे माझे वडील, फौजेत गेले. गाव साताऱ्याच्या कोरेगाव तालुक्यातले, आडनाव जाधव. जाधव मराठ्यांत आहेत, आमच्यात आहेत, आणखीही कितीतरी समाजांत आहेत. त्या आडनावावरून कुणाला काही म्हणता काही कळत नाही. आणि न कळल्याने माणसे किती अस्वस्थ होतात ते खोली शोधताना मला कळले. जात विचारायची नाही, कारण आता शिकलेल्या माणसाने ती विचारू नये. पण कळली तर पाहिजेच. मग सुरू होई ती सोंगट्या सरकवण्याची रीत. कुठल्या तुम्ही? साताऱ्याच्या कुठल्या बाजूच्या? गावात घर कुठल्या आळीला? मामा कुठले? कुलदैवत कोणते? विश्रामबागेत पहिल्या चार घरांत मी ह्या प्रदक्षिणेला कंटाळून मधेच सांगून टाकले, आम्ही बौद्ध. चारही ठिकाणी ते ऐकून माणसे अतिशय प्रसन्न हसली, चहा झाला, आणि निघताना कळले की खोली द्यायचीच होती हो, पण पुतण्या यायचा आहे शिकायला. त्या वर्षी विश्रामबागेत एकूण किती पुतणे यायचे होते कोण जाणे.

पाचवे घर मगदूम काकूंचे. जैन कुटुंब, गावाकडे शेती, इथे स्वतःचे दुमजली घर. काका वारलेले, मुलगा पुण्याला. काकू साठीच्या, ठेंगण्या, गुडघ्यांनी बेजार आणि बोलायला अखंड. त्यांनीही सोंगट्या मांडल्या, पण त्यांचा स्वभाव असा, की प्रश्न विचारून समोरच्याच्या उत्तराची वाट बघायला त्यांना सवड नसे. कोरेगावकडच्या जाधव म्हणजे देशमुखांच्या नात्यातल्याच असणार, असे त्यांनीच ठरवले. वडील मिलिटरीत म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला. फक्त अंडे-मांस घरात आणायचे नाही एवढे त्यांनी दोनदा बजावले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मी खोटे काही बोलले नाही. त्यांनी जे ठरवले ते मी ठरवू दिले, हसले आणि किल्ली घेतली. चार दारे बंद झाल्यावर पाचव्या दाराशी माणसाला गप्प राहता येते, आणि ते फारसे जडही जात नाही. जड जाते ते नंतर.

त्या खोलीत मी वर्षभर राहिले आणि सुखाने राहिले, हे कबूल केले पाहिजे. काकू माझ्यावर माया करीत. त्यांच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवणे होत. पाच-साडेपाचला जिन्याशी येऊन त्या हाक मारीत, आणि मी खाली जाऊन त्यांच्याबरोबर आमटी-भात जेवत असे. दारात कुणी बाई आली की त्या माझी ओळख करून देत : ही आमची जाधवांची पोर, चांगल्या घरची हाय, कॉलेजात शब्द गोळा करती. ‘चांगल्या घरची’ ह्या दोन शब्दांत त्या काय काय बांधून देत ते मला समजे, माझे कान गरम होत, आणि मी ताटातला भात कालवीत राही. खोलीवर आल्यावर स्वतःचा असा संताप येई की कार्डांचे खोके खिडकीबाहेर भिरकावून द्यावे. दादांनी निघताना हौसेने दिलेली एक तसबीर माझ्या ट्रंकेत साड्यांच्या खाली पालथी पडून होती. निळ्या कोटातली, आमच्या प्रत्येक घरात दारासमोरच्या भिंतीवर असते ती. खोली मिळाली की आधी ही लाव, असे त्यांनी सांगितले होते. पत्रात मी लावली म्हणून लिहिलेही होते.

फाल्गुन संपता संपता मी जतकडे गेले. तिकडचा मुलूख म्हणजे नजर पोचेल तिथवर उघडा माळ, कोरडवाहू ज्वारीची काढून झालेली ताटे, आणि मधूनच एखाद्या वस्तीपाशी टँकरची वाट बघत ओळीने मांडलेल्या घागरी. कन्नड आणि मराठी तिथे एकाच वाक्यात नांदतात. एका बाभळीखाली धनगरांची मेंढरे कातरणे चालले होते. लोकरीचा उग्र, तेलकट वास, कात्रीचा कचकच आवाज, आणि कातरून सोडलेली मेंढरे बाजूला एकमेकांना बिलगून उभी, एकदम लहान आणि ओशाळी दिसणारी. तिथली एक म्हातारी माझ्याशी बोलायला बसली. मी नेहमीच्या रिवाजाने शब्द विचारत गेले आणि शेवटी, खरे म्हणजे वैतागानेच, विचारले की आजी, उघडा म्हणजे काय हो?

तिने त्या मेंढरांकडे बोट केले. “ही काय, उघडी पडल्यात न्हवं. लोकर हाय तवर त्येला कशाचं काय न्हाई. कातरलं की धा-बारा दिस वाऱ्याला सोडाय नगं, लगीच बाधतंय.”

मी विचारले, आणि माणूस उघड बोलतो म्हणतात, ते? ते वेगळे का?

“त्यात येगळं काय आलंय? मानूस उघडं बोलाय लागलं की त्येला बी वारा लागतोयच की.”

सरांची दोन कार्डे तिने एका वाक्यात एक केली. मी आनंदाने ते वाक्य लिहून घेतले, कार्ड उलटले आणि रकाने भरू लागले. नाव, वय, गाव, शिक्षण नाही. जात? धनगर, लिव्ह की, म्हातारी म्हणाली. आणि मग सहज, पिंजलेली लोकर बोटांनी मोकळी करीत, तिने विचारले, आन तू कोन गं बाई?

जाधव, मी म्हणाले.

“ते नाव झालं. कोन म्हनलं मी.”

मी म्हणाले, आम्ही साताऱ्याकडचे. हे उत्तर इतक्या सफाईने माझ्या तोंडून बाहेर पडले की मलाच दचकायला झाले. म्हातारीने वर बघितले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कुतूहलही फारसे नव्हते. आपण विचारलेले पुरे झाले, एवढेच होते. “सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आणि तांब्या पुढे केला. “पानी पी. ऊन लय हाय.”

त्या माळावर पाणी किती मोजून वापरतात ते मी ओळीने मांडलेल्या घागरींवरून बघितले होते. ते मी प्याले. परतीच्या एस. टी.त खिडकीशी बसून मी स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की तितक्या ‘श’च्या खोक्यातही मावल्या नसत्या. ज्या बाईकडून माझे काही हिरावले जाणार नव्हते, जिच्याजवळ मला भाड्याने द्यायला खोली नव्हती, तिच्याशीही मी तेच केले. वर्षभराच्या सवयीने गप्प बसणे माझ्या अंगाला इतके चिकटले होते की ते काढून ठेवायची जागा आली तरी मला ती ओळखू आली नाही. सांगलीत उतरले ती मनाशी ठरवूनच, की काकूंना सांगायचे. उद्याच सांगायचे.

अर्थात उद्या सांगितले नाही. आणि मग दादांचे पत्र आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, उजवा पिकला होता, आणि मिरजेला शस्त्रक्रिया करायची ठरली होती. मिरज माझ्या खोलीपासून अर्ध्या तासावर, तेव्हा ते आधी माझ्याकडे उतरणार, हे ओघानेच आले. बुधवारी येतो, एवढे लिहून खाली नेहमीप्रमाणे ठसठशीत अक्षरात जयभीम लिहिलेले. दादा कुणालाही भेटले की पहिला शब्द तोच म्हणतात. पोस्टमनला, डॉक्टरला, रस्ता विचारायला थांबवलेल्या अनोळखी माणसालाही. लहानपणी मी एकदा त्यांना म्हटले होते की सगळ्यांना कशाला म्हणायचे, तर ते म्हणाले होते, आपण कोण ते आपणच आधी सांगितले की दुसऱ्याला अंदाज करायचे कष्ट पडत नाहीत.

सोमवार-मंगळवार मी चार वेळा जिना उतरले. एकदा काकू ताक घुसळत होत्या आणि गवळ्यावर चिडल्या होत्या. एकदा त्यांच्या गुडघ्याला तेल लावायचे होते, ते मी लावले आणि वर आले. एकदा मी चक्क म्हणाले, काकू, मला तुम्हाला काही सांगायचे आहे. तर त्या म्हणाल्या, मला ठाऊक हाय, वडील यायचेत ना, अगं खुशाल येऊ देत, त्यांना पथ्याचं काय लागंल ते मी बघते. चौथ्या वेळी मी दारापर्यंत जाऊन परत फिरले. मला बोलायला मिळू नये असा जणू सगळ्या घराने कट केला होता, असे मला तेव्हा वाटले. पण कट कुठला, जीभ माझीच जागची हलत नव्हती. त्या आता नको म्हणाल्या तर मिरजेला रोज कुठून जायचे, दादांना ठेवायचे कुठे, ही भीती होती. आणि त्याहून मोठी भीती अशी, की संध्याकाळच्या त्या हाका बंद होतील. वर्षभर एका म्हातारीने मला मायेने जेवू घातले होते, आणि ती माया माझी होती की तिने मनाशी ठरवलेल्या दुसऱ्याच कुणाची होती, हे मला कळून घ्यायचे होते आणि घ्यायचे नव्हतेही.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दादा आले. मी त्यांना स्टँडवरून आणले. फाटकाशी काकू उभ्याच होत्या, स्वागताला, ठेवणीतले लुगडे नेसून. दादांनी पिशवी खाली ठेवली, टोपी सारखी केली, धूसर डोळ्यांनी त्या दिशेला बघितले आणि हात जोडून स्वच्छ आवाजात म्हणाले, “जयभीम, ताई.”

मी फाटकाची कडी बघत होते. काकू काहीच बोलल्या नाहीत, असे मला वाटले. प्रत्यक्षात एक श्वास घेण्याइतकाच वेळ गेला असेल. मग त्यांचा आवाज आला, “जय जिनेंद्र.” त्यांच्यात तसे म्हणायची पद्धत आहे. त्या पुढे म्हणाल्या, ऊन लागलं असंल, वर जाऊन बसा. आणि त्या घरात गेल्या.

खोलीत येऊन दादा खुर्चीवर बसले. डोळे अधू असले की माणूस जागा हाताने आणि अंदाजाने ओळखतो. त्यांनी दारासमोरच्या भिंतीकडे तोंड केले, थोडे पुढे झुकले, मग उठून जवळ गेले आणि भिंतीवरून हात फिरवला. भिंत कोरी होती. गेले दोन दिवस काकूंना कसे सांगावे ह्याच विचारात मी इतकी होते की तसबिरीची आठवणच मला झाली नव्हती. दादांनी विचारले, कुठाय? मी ट्रंकेकडे बघितले. ते समजले. ते रागावले असते तर मी भांडले असते, चार घरांची आणि चार पुतण्यांची गोष्ट सांगितली असती, तुम्हाला फौजेत सरकारी खोली मिळत होती म्हणून तुमचे ठीक आहे, असेही म्हणाले असते. माझ्याकडे सगळी उत्तरे तयार होती. ते एवढेच म्हणाले, “पत्रात लावली म्हणून लिवलं हुतंस.”

त्यांनी ट्रंक उघडली, साड्या बाजूला सारल्या, तसबीर काढून खांद्यावरच्या टॉवेलने काच पुसली. मग जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, ताई, हातोडी असंल का घरात, आणि एक खिळा? मी मनात म्हणाले, आता झाले. काकू स्वतः हातोडी घेऊन वर आल्या, गुडघे दुखत असताना, धापा टाकीत. दारात उभ्या राहिल्या. दादांनी डाव्या हाताच्या बोटांनी भिंतीची मधली जागा चाचपली, खिळा धरला आणि तीन ठोके दिले. एकही ठोका बोटावर पडला नाही. तसबीर लागली. काकूंनी ती बघितली, मग माझ्याकडे बघितले. ते बघणे मला वाचता आले नाही. चहा टाकते, म्हणाल्या आणि खाली गेल्या.

चहा आला तेव्हा मी जे केले त्याची आजही लाज वाटते. मी कप वाचला. आमच्यातल्या बहुतेकांना ही विद्या कुणी न शिकवता येते. काचेच्या कपाटातला कपबशीचा संच आला, की वेगळे ठेवलेले काहीतरी आले, कान तुटलेला कप की नवा, ह्यावरून पुढचे सगळे आधीच ओळखायचे. आले होते ते रोजचेच स्टीलचे पेले, ज्यांतून काकू गवळ्यापासून भाचीपर्यंत सगळ्यांना चहा देत. म्हणजे काय समजायचे? पाहुण्याला कपबशी दिली नाही हे वाईट, की रोजचेच दिले हे चांगले? मी पेल्याकडे बघत राहिले आणि दादा आरामात फुंकर घालून चहा पीत राहिले. मला त्यांचाही संताप आला, काकूंचाही आला, आणि त्या स्टीलच्या पेल्याचाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. दादा पाच दिवस माझ्याकडे होते. काकूंनी रोज मऊ खिचडी पाठवली, दोघांची, पण जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवून. एरवीही गुडघ्यांमुळे त्या तिथवरच येत, म्हणून त्यातूनही काही ठरवता येत नव्हते. संध्याकाळची हाक मात्र बंद झाली. दादा हिरवी पट्टी बांधून बसत, रेडिओ ऐकत, आणि एकदा म्हणाले की ताई हाताने गोड हाय. मी हो म्हटले. सरांना मी ह्या सुमारास भेटले तेव्हा त्यांनी मोतीबिंदूची आस्थेने चौकशी केली, माझ्या नव्या कार्डाचे कौतुक केले आणि म्हणाले, तुमचे उच्चार किती स्वच्छ आहेत हो, तुमच्या बोलण्यावरून अजिबात वाटत नाही. काय वाटत नाही ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. ‘उघडा’चे कार्ड एकच राहिले, म्हातारीच्या वाक्यासकट. ते खोक्यात गेले आणि माझ्या टेबलावरून कायमचे हलले.

दादांना साताऱ्याच्या गाडीत बसवून मी परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकू वर आल्या. पूर्ण वर, खोलीत. खुर्चीवर बसल्या, थोडा वेळ गुडघे चोळत राहिल्या. खिडकीबाहेरच्या लिंबाला नवी पालवी आली होती आणि तिचा कोवळा कडसर वास खोलीत भरला होता. मी उभीच होते. ह्या क्षणासाठी मी वर्षभर तयारी केली होती. त्या खोली सोडायला सांगतील तेव्हा काय काय म्हणायचे त्याची माझी वाक्ये पाठ होती, सभ्य, धारदार आणि लांबलचक.

“तू पहिल्या दिवशी सांगितलं असतंस,” काकू म्हणाल्या, “तर मी खोली दिली नसती.”

मी खिडकीचा गज धरला.

“खरं ते बोलते. काहीतरी कारण काढून लावून दिली असती तुला. आन वाईट बी वाटलं नसतं मला. इसरून गेले असते. वर्षभर बायकांना सांगत फिरले, जाधवांची पोर, चांगल्या घरची. तू ऐकत हुतीस. मला एकदा तरी गप करायचंस गं.”

“चांगल्या घरचीच आहे मी, काकू,” मी म्हणाले. आवाज चढला होता, आणि मी तो उतरवला नाही.

त्यांनी मान हलवली. होय म्हणून की ऐकले म्हणून, ते कळले नाही. चार घरांनी मला जे हसून सांगितले होते ते ह्या बाईने न हसता सांगितले, आणि ते तितकेच लागले, कदाचित अधिक लागले. ती मला जेवू घालीत असे म्हणून अधिक. त्यांनी मला थोडे तरी खोटे बोलायला हवे होते, तसे नव्हते गं, मला आधीपासून ठाऊक होते, असे काहीतरी, असे मला त्या क्षणी अगदी आतून वाटले. आणि मी स्वतःवरच चिडले. आयुष्यभर माणसांनी सरळ बोलावे म्हणून मी चडफडले, आणि एक जण बोलली तर मला पांघरूण हवे होते.

“आता तू ऱ्हाणार हाईस, का जाणार?” काकूंनी विचारले.

पाठ केलेल्या वाक्यांत ह्याचे उत्तर कुठेच नव्हते. मी त्यांच्याकडे बघितले. घर त्यांचे, किल्ली त्यांची, गल्लीतल्या सगळ्या बायका त्यांच्या. आणि तरी त्या लुगड्याचा काठ बोटांना गुंडाळत होत्या आणि माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी नाही म्हणेन ह्याची त्यांना भीती वाटत होती. असे माझ्याकडे ह्याआधी कुणी बघितले नव्हते.

विचार करून सांगते, मी म्हणाले.

सांग, म्हणाल्या, आणि खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. रोज मी त्यांना हात देत असे. त्या दिवशी मी दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. भिंतीला धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या. त्यांना परत बोलवावे असे मला वाटले, आणि तसे वाटले म्हणून रागही आला. बोलवून काय सांगायचे ते मात्र मला खरोखरच ठाऊक नव्हते. अर्ध्या जिन्यात त्या दम घ्यायला थांबल्या. मी वर दारात उभी होते, त्या खाली, आणि मधली सगळी जागा रिकामी होती.